गिअरबॉक्सच्या अंगवळणी

नवी ऑटोमॅटिक गाडी दारात आली, पेढे वाटून झाले, बोनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक पहिल्या पावसात धुऊन गेले, की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मालकाच्या मनात एक शंका डोके वर काढते. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना बारीकसा गचका बसतो. सिग्नलला गाडी अगदी थांबायच्या बेतात असताना मागून कुणी हलकेच ढकलल्यासारखे वाटते. उड्डाणपूल चढताना इंजिनाचा आवाज क्षणभर उगाच वर जातो आणि मग गिअर पडतो. एवढे पैसे मोजून खोटच पदरात पडली की काय? शोरूममध्ये विचारावे तर तिथला मुलगा हसून सांगतो, ‘‘सर, गाडी तुमची ड्रायव्हिंग स्टाइल शिकतेय. हजार-दोन हजार किलोमीटर होऊ द्या.’’

बहुतेक वेळा खरेच तसे होते. दोन-तीन महिन्यांनी मालकाला आठवावे लागते की अरे, पूर्वी इथे गचका बसायचा.

गेल्या काही महिन्यांत आमच्या विभागातल्या तिघा-चौघांनी अशा गाड्या घेतल्या. त्यामुळे ओपीडी संपल्यानंतरच्या चहाला साखर आणि रक्तदाबाऐवजी गिअर हाच विषय असतो. मी फिजिशियन आहे, मेकॅनिक नाही. पण हा विषय या सदरात आणतोय त्याला कारण आहे. गिअरबॉक्स जे शिकतो ते शरीरही शिकते, जवळपास त्याच रीतीने शिकते, आणि दोघांच्याही शिकण्याची एक दुसरी बाजू आहे जी आम्हा डॉक्टरांना रोज भेटते.

आधी गाडीचे पाहू. मॅन्युअल गाडीत क्लच एकच, तोही आपल्या डाव्या पायाखाली. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची रचना वेगळी. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. तसे इंजिनाचे फिरणे इथे आधी तेलातून पुढे जाते. त्यापुढे दातेरी चाकांचे संच असतात आणि ही चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर बदलतो तो चाके सरकवून नव्हे, तर कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे यावर. हे धरणे-सोडणे करायला आत छोटे-छोटे क्लच असतात. सहा किंवा आठ गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये असे पाच-सहा क्लच तेलात बुडून बसलेले असतात.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायचे म्हणजे एका क्लचने सोडायचे आणि त्याच वेळी दुसऱ्याने धरायचे. आमच्याकडे वॉर्डात स्ट्रेचरवरून पलंगावर रुग्ण घेतात तेव्हा मामा लोक ‘एक-दोन-तीन’ म्हणतात ना, तसेच हे. इकडच्याने हात लवकर सोडला तर रुग्ण मध्येच झोला खातो. दोघांनीही धरून ठेवले तर ओढाताण होऊन हिसका बसतो. गाडीत पहिला प्रकार झाला की इंजिनाचा आवाज क्षणभर मोकाट वर जातो. दुसरा झाला की गचका बसतो. हा सगळा हस्तांतराचा खेळ साधारण पाव ते अर्ध्या सेकंदात उरकायचा असतो.

आणि ‘तीन’ म्हणायचे कधी, हेच अवघड आहे. क्लच धरायचा म्हणजे त्याच्यामागच्या पिस्टनमध्ये दाबाखाली तेल सोडायचे. तेल भरेल, पिस्टन पुढे सरकेल, चकत्यांमधली फट मिटेल आणि मग पकड बसेल. ही फट सारी मिळून एखाद-दीड मिलिमीटरची. पण एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेल्या दोन गिअरबॉक्समध्येही ती तंतोतंत सारखी नसते. एकाच्या स्प्रिंगला जोर किंचित जास्त, दुसऱ्याच्या झडपेतून तेल किंचित कमी. या बारीकसारीक फरकांनी तेल भरायला लागणारा वेळ सेकंदाच्या काही शतांशांनी बदलतो, आणि तेवढा फरक आपल्या पाठीला कळतो.

कारखान्यातून निघताना गिअरबॉक्सच्या संगणकात सर्वसाधारण आकडे भरलेले असतात. रेडिमेड शर्टासारखे, कुणालाच अगदी नीट बसत नाहीत, पण सगळ्यांना चालतात. पुढे तो स्वतः मोजू लागतो. गिअरबॉक्सच्या आत येणारा दांडा किती वेगाने फिरतोय आणि बाहेर जाणारा किती वेगाने, हे सांगणारे सेन्सर असतात. गिअर बदलताना या दोन वेगांचे गुणोत्तर ठरल्या क्षणी ठरल्या रीतीने बदलायला हवे. नवा क्लच उशिरा धरतोय असे दिसले, तर पुढच्या वेळी तेल अंमळ आधी किंवा जास्त दाबाने सोडायचे. लवकर धरतोय असे दिसले, तर उलट. झालेली दुरुस्ती स्मृतीत लिहून ठेवायची. पुढच्या वेळी पुन्हा मोजायचे.

यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. संगणक एका वेळी पूर्ण चूक दुरुस्त करत नाही, थोडीशीच करतो. कारण मघाचा गचका क्लचमुळे होता की चाक खड्ड्यात गेल्यामुळे, हे एका अनुभवावरून ठरत नाही. पाच-पंचवीस वेळा तीच चूक दिसली तरच ती खरी. शिवाय तेल पुरेसे तापलेले असेल आणि अॅक्सिलरेटर एका लयीत दाबलेला असेल तेव्हाच बहुतेक गिअरबॉक्स ही नोंद घेतात. गार तेल दाट असते. त्या वेळचा अनुभव दिवसभराला लागू करणे धोक्याचे.

म्हणूनच घरापासून दवाखान्यापर्यंत रोज दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची गाडी शिकायला फार वेळ घेते. तेल तापायच्या आत गाडी पार्किंगमध्ये गेलेली असते. आणि म्हणूनच फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीचे पहिले-दुसरे-तिसरे गिअर लवकर मऊ होतात, कारण ते दिवसातून शंभर वेळा पडतात. पाचव्या-सहाव्याला मात्र पहिल्या लांबच्या सहलीपर्यंत अभ्यासाची संधीच मिळत नाही. नव्या गाडीत गचके जास्त वाटत असतील तर एका रविवारी तासभर मोकळ्या रस्त्यावर शांतपणे, अॅक्सिलरेटरवर फार नाचानाच न करता चालवून आणावी. या उपायाला पैसे पडत नाहीत.

शिकणारा संगणक एकीकडे, आणि ज्याबद्दल शिकायचे ती वस्तूही या काळात बदलत असते. क्लचच्या चकत्यांवर कागदासारखे घर्षणाचे अस्तर असते. नवे असताना त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये त्याचे उंचवटे झिजून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसतात. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग चप्पलही सैल पडते आणि पायालाही घट्टे पडतात, तसे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात शिकलेला धडा चौथ्या आठवड्यात थोडा शिळा झालेला असतो आणि नवा शिकावा लागतो. हे पुढे गाडीच्या आयुष्यभर चालू राहते, फक्त वेग मंदावतो.

शोरूममधल्या मुलाचे ‘ड्रायव्हिंग स्टाइल’ मात्र अर्धेच खरे. गाडी मुख्यतः स्वतःचीच शरीररचना शिकत असते. चालवणाऱ्याची तऱ्हा ओळखणे हे वेगळे काम आहे. बऱ्याच गाड्या गेल्या काही मिनिटांतला अॅक्सिलरेटर आणि ब्रेक पाहून अंदाज घेतात. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट लागला की गिअर धरून ठेवतात, सपाटीवर आलो की विसरतात. तेव्हा ‘ही चालवते म्हणून माझी गाडी बिघडली’ किंवा त्याच्या उलट, या घरोघरच्या तक्रारीला यंत्रशास्त्राचा फारसा आधार नाही.

सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचे पोट असे नसते. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओतल्या एएमटीने. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच. पायाचे काम तेवढे एक यंत्र करते. तिथे संगणकाला शिकावे लागते ते क्लच नेमका कुठे धरू लागतो ते ठिकाण. क्लच प्लेट झिजली की ते ठिकाण सरकते, संगणक त्याच्यामागे सरकतो. दोन क्लचच्या डीसीटीमध्येही हाच अभ्यास, फक्त दुप्पट. विजेच्या बहुतेक मोटारींना तर बदलण्याजोगे गिअरच नसतात, त्यामुळे त्या या शाळेतूनच सुटल्या.

आधीच्या पिढीतले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे शिकत नव्हते. अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांच्या १९४० च्या मॉडेलबरोबर ‘हायड्रामॅटिक’ आला. त्याचे सगळे निर्णय तेलाचे दाब, झडपा आणि स्प्रिंगा घेत. पुढची काही दशके तसेच चालले. गिअरबॉक्स झिजला की गिअर पडण्यात तो झिजलेपणा जसाच्या तसा जाणवायचा. क्रायस्लरने १९८९ च्या मॉडेलमध्ये आणलेला ‘अल्ट्राड्राइव्ह’ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली स्वतःची दुरुस्ती सतत करत राहणाऱ्या पहिल्या गिअरबॉक्सपैकी एक. सुरुवातीच्या वर्षांत तो बिघाडांसाठीच जास्त गाजला, पण त्यातली कल्पना टिकली आणि आज ती जवळपास सर्वत्र आहे.

आता आपल्याकडे वळू. अंदाज बांधायचा, कृती करायची, चूक मोजायची आणि थोडीशी दुरुस्ती लिहून ठेवायची. हे काम आपल्या डोक्यात लहान मेंदू करतो, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले अनुमस्तिष्क. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या त्याच्यात आहेत. डेव्हिड मार या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडले की लहान मेंदूतल्या मोठ्या, फांद्याफांद्यांच्या पुर्किंजे पेशींकडे एका वेगळ्या तंतूतून ‘हे चुकले’ असा निरोप येतो आणि त्या निरोपाने त्या पेशीला आलेल्या इतर संदेशांचे वजन बदलते. जपानच्या मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये अशी वजने खरोखर उतरतात हे प्रयोगाने दाखवले. या चित्रात पुढे बरीच भर पडली आहे, पण गाभा तोच राहिला.

याचा अनुभव प्रत्येक चष्मेवाल्याला आहे. नवा नंबर, विशेषतः प्रोग्रेसिव्ह काच, पहिल्या दिवशी डोळ्यांवर चढवली की जमीन तिरकी वाटते, जिन्याची पायरी फसते, मान वळवली की भिंत तरंगते. मान वळते तेव्हा डोळे उलट दिशेने तेवढेच फिरावेत याचे एक प्रमाण मेंदूने जुन्या चष्म्यावर बसवलेले असते. नव्या काचेने ते प्रमाण चुकते. चार-आठ दिवसांत लहान मेंदू ते नव्याने बसवतो आणि आपण म्हणतो, चष्मा डोळ्यांना बसला. पण चष्मा तोच असतो. बसलेले असतो आपण. शिकायला फिरावे-वळावे मात्र लागते. त्रास होतो म्हणून नवा चष्मा टेबलावर ठेवणाऱ्याचा चष्मा कधीच बसत नाही. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीसारखेच.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्या माणसाचा डावा पाय हा याचाच दुसरा नमुना. वीस वर्षे क्लच दाबलेला पाय गाडी थांबवताना आपोआप खाली जातो, आणि तिथे आता रुंद ब्रेक पेडल असते. क्लचच्या जोराने ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागचा आदळतो. पहिले काही आठवडे डावा पाय मागे घेऊन बाजूच्या पायठेवणीवर ठेवायचा, हे मी सगळ्यांना सांगतो. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही एकाच, उजव्या पायाने. उतारवयात पहिल्यांदा ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी मोकळ्या मैदानावर आधी सराव करावा. घाबरल्यावर पाय जुन्याच सवयीने पडतो, आणि ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला की गाडी समोरच्या भिंतीत किंवा माणसात जाते.

पण माझा मुद्दा आहे तो पुढचा.

मॅन्युअल गाडीतही क्लच झिजायचाच. तिथे जुळवून घेणारा संगणक म्हणजे चालकाचा डावा पाय. आमच्या रुग्णालयात पूर्वी एक जुनी रुग्णवाहिका होती आणि वर्षानुवर्षे तिच्यावर एकच चालक होता. तो रजेवर गेला तेव्हा बदली चालक गाडी घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला. ‘‘साहेब, हिचा क्लच पार वर येऊन धरतोय. प्लेट गेलीये.’’ रजेवरून आलेल्या जुन्या चालकाला हे ऐकून राग आला. ‘‘काय गेलीये? परवा तर पेशंट पोचवून आलो जिल्ह्याला!’’ दोघेही खरे बोलत होते. प्लेट रोज केसभर झिजत होती, त्याचा पाय रोज केसभर वर धरायला शिकत होता. त्याच्यासाठी गाडीत काहीच बदलले नव्हते. बदल कळला तो ज्याच्या पायाला सवय नव्हती त्याला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हा जुना चालक आत बसवलेला असतो. ज्या शिकण्याने पहिल्या तीन महिन्यांत गचके जातात, तेच शिकणे पुढे ऐंशी हजार, लाख किलोमीटरवर अस्तर झिजल्यामुळे वाढलेली फट भरून काढत राहते. तेल जुने होते, त्यातली रसायने दमतात, झडपा थोड्या सैल पडतात. संगणक दाब वाढवतो, वेळ आधी घेतो. मालकाला वाटते गाडी लोण्यासारखी चालतेय. ती खरेच तशी चालतेय. पण कालच्यापेक्षा आज त्यासाठी जास्त खटाटोप पडतोय.

हेच मी रोज तपासणीच्या टेबलावर पाहतो. साठीच्या बाईंना विचारले, ‘‘मावशी, दम लागतो का?’’ उत्तर येते, ‘‘नाही.’’ विचारले, ‘‘माडीवर जाता का?’’ ‘‘माडीवर काय काम? मी आता खालीच झोपते.’’ बाजार? सून आणते. देऊळ? घरातच हात जोडते. दम लागत नाही कारण दम लागेल असे एकेक काम त्यांनी नकळत सोडून दिले आहे. वाकून पाय पाहिले तर सूज असते. हृदयाच्या रोगात ‘काय होते?’ या प्रश्नापेक्षा ‘पूर्वी काय करत होता, जे आता करत नाही?’ हा प्रश्न जास्त सांगून जातो. घरच्यांनाही हे दिसत नाही. तेही रोजचेच असतात. दिवाळीला पुण्याहून आलेला मुलगा दारातच म्हणतो, ‘‘बाबांचा आवाज किती बारीक झालाय,’’ आणि घरातले सगळे त्याच्याकडे नवलाने पाहतात. चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक झाले आहे, हेही मग लक्षात येते. कंपवाताचे निदान अशा पाहुण्याने आमच्यापर्यंत आणल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अशा पाहुण्याचे बोलणे घरच्यांनी उडवून लावू नये. तो बदली चालक आहे.

सगळ्यात पक्का लपवणारा अवयव म्हणजे मूत्रपिंड. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने त्यातल्या काही बाद झाल्या की उरलेल्या आपला दाब वाढवून जास्त गाळू लागतात. हे अक्षरशः गिअरबॉक्सचेच उत्तर आहे: दाब वाढवा. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस याच जोरावर वर्षानुवर्षे व्यवस्थित जगतो, तेव्हा ही सोय वाईट नव्हे. पण रोग चालूच राहिला तर जास्त दाबाखाली काम करणाऱ्या गाळण्या स्वतः लवकर झिजतात. आणि रक्तातले क्रिएटिनिन, ज्यावर आपण सगळे विसंबतो, ते गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत बहुधा ‘नॉर्मल’ रकान्यातच असते.

त्यातही तो रकाना सगळ्यांना सारखा लागू नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे १.१ असेल तर नेहमीच्या सूत्राने त्याची गाळणक्षमता मिनिटाला ९५ मिलिलिटरच्या आसपास निघते, छान आहे. सत्तर वर्षांच्या आजीचेही तेच १.१ असेल तर तिची निघते ५४. रिपोर्ट दोघांचाही सारखाच दिसतो, आकड्यापुढे बाण-फुली काही नसते. म्हणून रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ नावाची ओळ असेल तर ती वाचावी, आणि नसेल तर डॉक्टरांना ते काढायला सांगावे. वय, लिंग आणि क्रिएटिनिन टाकले की मोबाइलवर निघते.

मग एक दिवस या आजींना जुलाब होतात. दोन दिवस पोटात पाणी ठरत नाही. अंग दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गुडघ्यांसाठी नेहमी घेतात त्याच गोळ्या घेतात. थकलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकून असतो तो आत तयार होणाऱ्या एका रसायनामुळे. वेदनाशामक गोळ्या नेमके तेच बंद करतात. पाणी कमी, वर ही गोळी, सोबत रक्तदाबाच्या काही गोळ्या. लघवी थांबते आणि क्रिएटिनिन पाचवर जाते. नातेवाईक विचारतात, ‘‘अहो, परवापर्यंत अंगण झाडत होती. दोन जुलाबांनी मूत्रपिंड जाते?’’ राग येतो तो जुलाबांवर, गोळी देणाऱ्यावर, कधी आमच्यावर. पण जुलाबांनी फक्त शिल्लक संपवली. खाते कित्येक वर्षे रिकामे होत होते.

गॅरेजमध्येही असेच भांडण होते. लाखभर किलोमीटर सुरळीत चाललेली गाडी सर्व्हिसिंगला जाते. तिथे सॉफ्टवेअर नवे करतात, किंवा बॅटरी बदलतात, किंवा गिअरबॉक्सचे तेल बदलून जुन्या नोंदी पुसतात. गाडी बाहेर येते ती धाडधाड गचके देत. ‘‘सकाळी आणली तेव्हा ठीक होती, तुम्हीच बिघडवली!’’ खरे तर संगणकाने वर्षानुवर्षे जमवलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या आणि तो पुन्हा कारखान्याच्या आकड्यांवर गेला. ते आकडे नव्या गिअरबॉक्ससाठी होते, झिजलेल्यासाठी नव्हे. सगळ्याच गाड्यांत बॅटरी काढल्याने नोंदी जात नाहीत. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या पक्क्या स्मृतीत राहतात आणि स्कॅनर लावूनच पुसाव्या लागतात. पुसल्यावर ठरावीक पद्धतीने गाडी चालवून त्या पुन्हा शिकवायच्या असतात. ते काम उरकल्याशिवाय गाडी ताब्यात देणारे गॅरेज कामचुकार म्हणायचे. शिकवल्यावर चार-आठ दिवसांत गचके गेले तर चिंता नाही. गेले नाहीत, तर झीज आधीचीच आहे आणि आज उघडी पडली एवढेच.

गाडीची एक गोष्ट मला हेवा वाटावी अशी आहे. ती किती जुळवून घेतेय हे तिने लिहून ठेवलेले असते. स्कॅनर लावला की कोणत्या क्लचसाठी किती दुरुस्ती चालू आहे याचे आकडे बऱ्याच गाड्यांत पडद्यावर येतात. चांगला मेकॅनिक गाडी चालवून पाहण्याआधी ते पाहतो. पाच क्लचपैकी चारांचे आकडे शून्याच्या जवळपास आणि एकाचा टोकाला गेलेला, म्हणजे आजार तिथे. मग गाडी कितीही मऊ चालो. कंपनीने या दुरुस्तीला मर्यादाही घातलेली असते. ती ओलांडली की दिवा लागतो आणि पुष्कळदा गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडून बसतो, घरापर्यंत पोचता येईल एवढी सोय ठेवून.

शरीरात असा दिवा नाही. त्यामुळे आकडे आपल्यालाच काढावे लागतात.

गाडीसाठी एवढे करता येईल. वॉरंटी संपण्याच्या आधीच्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्सचे हे आकडे पाहायला सांगावेत आणि लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी तुलनेला येतात. नव्या गाडीचे गचके कमी-कमी होत गेले तर ती शिकतेय. महिना-दोन महिन्यांत तसूभरही कमी झाले नाहीत, वाढले, किंवा गिअरबॉक्समधून घरघर येऊ लागली, जळका वास आला, जमिनीवर तेलाचा डाग दिसला, तर ‘शिकतेय’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. तीन वर्षे मऊ चाललेल्या गाडीला नवा गचका सुरू झाला, तर तो पहिल्या महिन्यातल्या गचक्याइतका किरकोळ समजू नये. तेलाच्या बाबतीत ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असे काही माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. आयुष्य कुणाचे, तेलाचे की गाडीचे, हे तिथे लिहीत नाहीत. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी मात्र आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांत जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगते.

स्वतःसाठी: मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करावी. उरलेल्या गाळण्यांवरचा ताण बहुतेकदा आधी तिथे दिसतो, क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी. लघवीत अल्ब्युमिन आढळले तर साखर आणि रक्तदाब नीट आवळून धरण्याने व काही ठरावीक औषधांनी झीज मंदावता येते. क्रिएटिनिन पाचवर गेल्यावर हातात फारसे उरत नाही. गुडघेदुखीची गोळी मनाने रोज घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारले नाही तरी. जुलाब-उलट्या चालू असताना ती गोळी घेऊच नका, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी विचारून घ्या. अल्ब्युमिनची तपासणी साध्या लघवीवर होते. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा असेल तर उत्तम, आणि त्यासाठी उपाशीपोटी यावे लागत नाही.